ज्याचा रकाना त्याच्यापुढे



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांचा हात नभोवाणीचा कान पिळण्यासाठी पुढे सरसावला असेल. संकेतस्थळावर मजकूर घालण्याचे जे पान असते, ते लिहिणाऱ्याच्या कामाप्रमाणे निरनिराळे कसे करावे, हा विषय रात्रीच्या जेवणानंतर ऐकण्याजोगा खासच नव्हे. त्यातून तो सांगणारा मी एक मॅट्रिकपर्यंत शिकलेला सेवानिवृत्त शिक्षक. यंत्रांशी माझा संबंध शाळेच्या घंटेपलीकडे फारसा आला नाही. असे असूनही हा विषय मी मागून घेतला, याचे कारण माझ्या हातून घडलेली एक चूक होय. ती पुढे सांगणारच आहे.

प्रथम विषय काय तो साध्या शब्दांत मांडतो. संकेतस्थळ म्हणून आपण जे पाहतो ती त्या घराची ओसरी. तिच्यामागे एक माजघर असते. ज्याला प्रवेशनाम आणि परवलीचा शब्द मिळाला आहे, त्यालाच तेथे जाता येते. माजघरात एक कोरे पान उघडते. त्यावर रकाने असतात : मथळा, मजकूर, चित्र, विभाग, तारीख, आणि आणखी कितीतरी. ते भरून एक कळ दाबली की मजकूर ओसरीवर झळकतो. आता प्रश्न असा की, हे कोरे पान माजघरात येणाऱ्या प्रत्येकास सारखेच दिसावे, की ज्याचे जे काम त्याला तेवढेच रकाने दिसावेत?

प्रश्न नवा वाटला तरी आपल्या ओळखीचा आहे. पूर्वीच्या मनिऑर्डरचा फॉर्म आठवून पाहा. एकाच कागदावर तिघांचे हात फिरत. पाठविणारा रक्कम आणि पत्ता लिही, आणि खालच्या चिटोऱ्यावर खुशालीच्या दोन ओळी लिही. पोस्टातला कारकून आपल्या भागात आकडे व शिक्के घाली. ज्याला पैसे पोचत तो सही करी, किंवा अंगठा उठवी. कारकुनाच्या भागावर ‘येथे काही लिहू नये’ अशी सूचना असे, म्हणून अक्षरओळख जेमतेम असलेली सासुरवाशीणदेखील तो फॉर्म न चुकता भरू शके. कागद एक, पण ज्याचा भाग त्याच्यापुढे. मात्र कागदावरची परकी चौकट झाकता येत नसे, ‘लिहू नये’ असे बजावावे लागे. संगणकाच्या पानावर ती चौकट मुळी दिसूच नये अशी सोय करता येते. असे असता कित्येक ठिकाणी ही सोय कोणी करीतच नाही.

आता माझी चूक. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, 2018 सालच्या जूनमध्ये, आमच्या शहरातील एका जुन्या शिक्षणसंस्थेने मला आपल्या संकेतस्थळावर सूचना घालण्याचे काम दिले. मराठी टंकलेखन मला येत होते, एवढीच माझी पात्रता. ते संकेतस्थळ वर्डप्रेस नावाच्या प्रणालीवर चालत असे. ही प्रणाली 2003 साली निघाली, फुकट मिळते, आणि जगातील लहानमोठी असंख्य संकेतस्थळे तिच्यावर उभी आहेत. संस्थेत माझ्याखेरीज कचेरीतले कारकून, ग्रंथपालबाई, वसतिगृहाच्या अधीक्षिका आणि मुख्याध्यापक असे आणखी चौघे मजकूर घालीत. पाचही जणांस परवलीचा शब्द एकच, आणि तोही मुख्य व्यवस्थापकाचा. म्हणजे घराच्या सर्व किल्ल्यांचा जुडगा पाचही जणांच्या कमरेला.

जुलैत मुलींच्या एका शिष्यवृत्तीची सूचना आली. अर्जाची अंतिम तारीख 31 जुलै होती. मी पान उघडले, मथळा लिहिला, मजकूर लिहिला. उजवीकडे एक तारखेचा रकाना दिसला. मनात म्हटले, अंतिम तारीख विचारताहेत. तेथे 31 जुलै घातली आणि कळ दाबून स्वस्थ बसलो. वस्तुतः तो रकाना मजकूर केव्हा प्रसिद्ध व्हावा हे ठरविण्याचा होता. पुढची तारीख घातल्याबरोबर कळीवरची अक्षरेही बदलली होती, पण मी ती वाचली नाहीत. सूचना माजघरात वीस दिवस पडून राहिली आणि 31 तारखेस आपली आपण ओसरीवर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाहूवाडी तालुक्यातील एक गृहस्थ मुलीला घेऊन कचेरीत आले. डोंगरातला पाऊस अंगावर घेऊन आले होते. म्हणाले, “गुरुजी, नोटीस काल रात्री दिसली, आणि मुदत कालचीच. आम्ही वाचायचं कधी आणि यायचं कधी?” मुलगी काही बोलली नाही. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखले होते, ते ती पिशवीतच नीट करीत राहिली. अर्ज वरच्या कचेरीकडे पाठविण्याची वेळ टळली होती. आम्ही विनंतीचे पत्र दिले, पण त्याचा उपयोग झाला नाही.

संस्थेत दोन मते पडली. एक पक्ष म्हणाला, गुरुजींना हे झेपत नाही. दुसरा म्हणाला, यंत्रातच दोष आहे. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटली. तारखेचा रकाना न वाचता भरला ती चूक माझीच, तीत यंत्राचा वाटा यत्किंचितही नाही. पण ज्या रकान्याशी माझे काही काम नव्हते तो माझ्यापुढे मांडलेला होता, आणि जो मला हवा होता, म्हणजे अंतिम तारखेचा, तो त्या पानावर कोठेच नव्हता. भुकेल्या माणसापुढे रिकामे ताट नि भरलेली तस्तरी ठेवली तर त्याने हात कोठे घालावा?

माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या धंद्यात आहे. गणपतीच्या सुटीत तो घरी आला असता त्याला मी हे सांगितले. त्याने यंत्राला हात लावण्याआधी मला कागद घ्यावयास लावला आणि विचारले, “गुरुजी, सूचना लिहिताना तुम्हांला नक्की काय काय लागते ते क्रमाने सांगा.” मी सांगितले : मथळा, कोणासाठी, अंतिम तारीख, अर्ज कोठे द्यावयाचा, सोबत कोणते दाखले, आणि शेवटी चार ओळी. तो म्हणाला, “मग तुमच्या पानावर एवढेच असावे.” असेच प्रश्न त्याने बाकीच्या चौघांस विचारले. या कामात त्याचे तीन दिवस गेले, आणि यंत्रावरचे काम पुढे दीड दिवसात आटोपले. मला स्वतःला त्या तीन दिवसांचे मोल अधिक वाटते.

त्याने मला प्रणालीतील अधिकारांची रचनाही समजावून दिली. वर्डप्रेसमध्ये मूळच्या पाच भूमिका आहेत. पहिला नुसता सभासद, जो वाचतो. दुसरा योगदाता. हा लिहितो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. तिसरा लेखक, जो स्वतःचे लेखन स्वतः प्रसिद्ध करतो. चौथा संपादक, जो दुसऱ्याच्याही लेखनात हात घालू शकतो. आणि पाचवा व्यवस्थापक, ज्याच्या हाती घराचे वासे मोजण्यापासून घर पाडण्यापर्यंत सर्व काही. योगदात्याच्या पानावर ‘प्रसिद्ध करा’ ही कळ नसतेच, तिच्या जागी ‘तपासणीसाठी पाठवा’ अशी असते. त्याला चित्र चढविता येत नाही, आणि एकदा लेख प्रसिद्ध झाला की आपल्याच लेखातील वेलांटीदेखील त्याला बदलता येत नाही. हे शेवटचे ऐकून मला प्रथम रागच आला. आपल्या अक्षरावर आपलाच हक्क नाही, हे कसले?

रागाचे निरसन इतिहासानेच केले. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 साली, अष्टप्रधानांच्या कामांचा जो कानुजाबता ठरला, त्यात राजपत्रावर कोणी काय करावे हे नेमून दिलेले आहे. मुख्य प्रधानाने शिक्का करावा. सचिवाने पत्र तपासून त्यातील अधिकउणे अक्षर शुद्ध करावे आणि आपले चिन्ह करावे. जमाखर्च पाहणारा अमात्य आपले निशाण करील, मंत्री व सुमंत आपली संमती दर्शवितील. पत्र लिहिणारा हात निराळा, तपासणारा निराळा, मान्य करणारा निराळा. आणि पत्राच्या अखेरीस मोर्तब उठविले जाई ते कशासाठी? त्याच्या खाली कोणी आणखी ओळ घुसडू नये म्हणून. मोर्तब झाल्यावर मूळ लेखकासही ओळ वाढविता येत नसे, आणि त्यात त्याचा अपमान आहे असे कोणी मानीत नसे. जुन्या मोडी कागदांवर नजर फिरविली म्हणजे कोणाचा हात कोठे लागला आहे हे जाणत्याला ओळखू येते. आमच्या संस्थेत मात्र पाच जण एकाच नावाने माजघरात जात असल्यामुळे कोणती ओळ कोणाची हे ब्रह्मदेवासही सांगता आले नसते. केंद्र सरकारच्या संकेतस्थळांसाठी 2009 साली ज्या मार्गदर्शक सूचना प्रथम निघाल्या, त्यांतही मजकूर देणारा, तपासणारा आणि मान्य करणारा यांची कामे लेखी धोरणात वेगळी नेमून द्यावीत असेच सांगितले आहे.

भूमिका नेमून दिल्या तरी लिहिण्याचे पान आपोआप सोपे होत नाही, हे मला पुढे कळले. कोणास काय करता यावे ही एक गोष्ट, आणि त्याच्या डोळ्यांपुढे काय असावे ही दुसरी. कारकुनास योगदाता केले, तरी त्याच्यापुढचे पान बरेचसे तेच राहते. म्हणून माझ्या विद्यार्थ्याने ‘सूचना’ हा मजकुराचा एक स्वतंत्र प्रकारच निर्माण केला. ‘निकाल’ दुसरा, ‘नवी पुस्तके’ तिसरा, ‘वसतिगृह’ चौथा. प्रत्येक प्रकाराचे पान वेगळे, आणि कोणाला कोणते पान उघडता यावे हेही ठरलेले. सूचनेच्या पानावर अंतिम तारखेचा रकाना सर्वांत वर आला, आणि तो भरल्यावाचून पान पुढे सरकेना. प्रसिद्धीच्या तारखेचा रकाना कारकुनाच्या व माझ्या पानावरून गेला, तो फक्त मुख्याध्यापकांच्या पानावर राहिला. लिहिणाऱ्याचे नाव आणि विभाग आपोआप भरले जाऊ लागले. प्रत्येक रकान्याखाली बारीक अक्षरांत मराठीत एक ओळ आली : ‘विद्यार्थिनीने अर्ज कोणत्या दिवसापर्यंत द्यावयाचा ती तारीख.’ ही ओळ मी लिहिली. नोकरीत मी पुष्कळ लिहिले, पण इतक्या उपयोगाची ओळ क्वचितच लिहिली असेन.

वर्डप्रेसमध्ये यासाठी त्याला थोडी स्वतःची जुळणी लिहावी लागली. ड्रूपल नावाची दुसरी एक प्रणाली आहे. बेल्जियममध्ये अँटवर्प येथे शिकत असलेल्या ड्रीस बॉयटार्ट या विद्यार्थ्याने केलेली ही प्रणाली 2001 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मजकुराचे प्रकार आणि त्यांचे रकाने व्यवस्थापकाच्या पानावरूनच घडविता येतात, आणि कोणत्या भूमिकेस कोणता प्रकार लिहिता यावा हे एका तक्त्यात खुणा करून ठरते. एकाच प्रकाराची निरनिराळी पानेही तेथे मांडता येतात. मात्र कोणते पान कोणत्या भूमिकेपुढे यावे, याकरिता वरून एक जोडखंड बसवावा लागतो. ज्यांच्या संस्था मोठ्या आहेत त्यांनी तिचा विचार करावा. आम्हां पाच जणांस ती म्हणजे मांजराला हत्तीची झूल झाली असती.

मध्यंतरी एक गंमत झाली. माझ्या विद्यार्थ्याने घाईत प्रसिद्धीच्या तारखेचा रकाना आमच्या पानावरून नुसता झाकला होता. शाळेतील एका तरुण शिक्षकांनी ब्राउझरमधील एका युक्तीने तो झाकलेला रकाना पुन्हा डोळ्यांपुढे आणला आणि त्यात तारीख भरून दाखविली. तारीख बदललीही. म्हणजे त्याने दारावर पडदा लावला होता, कुलूप लावावयाचे राहिले होते. मग त्याने सर्व्हरमध्येच अशी तपासणी घातली की, ज्याला अधिकार नाही त्याने ती तारीख पाठविली तरी स्वीकारलीच जाऊ नये. पडदा हा लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी असतो आणि कुलूप घराच्या रक्षणासाठी. पैकी एक लावून दुसऱ्याचे काम होते असे समजणारे लोक मला पुढे बरेच भेटले, आणि त्यांत संगणकाचे शिक्षण घेतलेलेही होते.

याहून अवघड प्रसंग ग्रंथपालबाईंचा होता. त्यांच्या नव्या पानावर चारच रकाने उरले : पुस्तकाचे नाव, लेखक, विषय, मुखपृष्ठाचे चित्र. त्या मला म्हणाल्या, “गुरुजी, काल माझ्यापुढे सगळे होते, आज चार राहिले. माझ्यावर विश्वास उरला नाही, असेच ना?” चोवीस वर्षे ज्यांनी एक पुस्तक गहाळ होऊ दिले नाही त्यांनी हा प्रश्न विचारावा याचे मला फार वाईट वाटले. आम्ही पाने बदलली, पण का बदलली हे सांगितले नव्हते. त्यात ग्रंथालयाच्या वेळा बदलण्याचा रकाना आम्ही काढून टाकला होता. तो त्यांचाच अधिकार होता. तो परत दिला, तेव्हा त्या निवळल्या.

त्यांची शंका अगदीच निराधार होती असे नव्हे. वर्डप्रेसच्या पहिल्या आवृत्त्यांत माणसांस 0 ते 10 असे अंक दिले जात, ज्याचा अंक मोठा त्याचा अधिकार मोठा. 2005 सालच्या डिसेंबरात निघालेल्या 2.0 या आवृत्तीत अंकांच्या जागी भूमिका आल्या. अमेरिकेत डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून या दोघांनी 1992 साली भूमिकेवर आधारलेल्या अधिकाराची जी कल्पना मांडली, तिचे सार असे की, अधिकार माणसास चिकटवू नये, कामास चिकटवावा, आणि माणसास त्या कामावर नेमावे. काम सुटले की अधिकार सुटला. कोल्हापूरच्या माणसास याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. गावचे दप्तर लिहिण्याचा अधिकार पिढ्यानपिढ्या कुलकर्णी वतनाकडे होता. बापानंतर मुलगा, मुलानंतर नातू. शाहू महाराजांनी 1918 साली ती वतने रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. लेखणी घराण्याच्या हातून निघून नेमणुकीच्या हाती आली. दप्तर तेच, रकाने तेच, पण ते भरण्याचा अधिकार जन्मावरून कामावर आला. आमच्या पाच जणांच्या कमरेचा तो एकच जुडगा म्हणजे तसले लहानसे वतनच होते. एक कारकून संस्था सोडून गेल्यावरही कित्येक महिने त्यांच्याजवळ परवलीचा शब्द होताच. त्यांनी काही गैर केले नाही हा त्यांचा चांगुलपणा, आमची व्यवस्था नव्हे.

इतके झाल्यावर सर्व सुरळीत झाले असे सांगून मी थांबलो असतो, पण 2019 सालचा ऑगस्ट आडवा येतो. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांस गेले की इशारा, 43 फुटांस गेले की धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरदेखील जाणते. त्या पावसात पाणी दोन्ही खुणा ओलांडून कितीतरी वर गेले, पुणे-बंगळूर महामार्गही काही दिवस बंद राहिला. पाणी वाढू लागले त्या दिवशी अधीक्षिकाबाईंनी ‘वसतिगृह बंद, पालकांनी निघू नये’ अशी सूचना लिहिली आणि नियमाप्रमाणे ‘तपासणीसाठी पाठवा’ ही कळ दाबली. मुख्याध्यापकांचे घर नदीच्या बाजूस, वीज गेलेली, फोन बंद. सूचना चार तास माजघरात बसून राहिली. त्या अवधीत दोन पालक मुलींना पोचविण्यासाठी घरून निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरले. अनर्थ झाला नाही, पण झाला नाही तो आमच्या व्यवस्थेमुळे नव्हे. वर्षभरापूर्वी माझी सूचना रकाने जास्त असल्यामुळे अडली होती, ही सूचना आम्ही मोठ्या विचाराने घातलेल्या तपासणीमुळे अडली.

तेव्हा अधीक्षिकाबाईंसाठी आणखी एक पान केले, नाव ‘तातडीची सूचना’. रकाने तीनच : काय झाले, कोणी काय करावे, केव्हापर्यंत. या पानावर मात्र ‘प्रसिद्ध करा’ ही कळ आहे आणि मध्ये कोणाची संमती नाही. सूचना चोवीस तासांनी आपोआप उतरते, आणि ती चढल्याबरोबर मुख्याध्यापकांस पत्र जाते. संस्थेच्या एका सभासदांनी याला विरोध केला. उद्या कोणीही काहीही लिहील, असे त्यांचे म्हणणे. त्यांस आम्ही एवढेच दाखविले की हे ‘कोणीही’ म्हणजे एकच बाई आहेत, आणि पाणी आले तर ते त्यांना सर्वांआधी दिसते. 2021 सालच्या जुलैत पुन्हा महापूर आला तेव्हा विद्यार्थिनी घरीच होत्या, शाळा बंद होत्या. म्हणून त्या पानाची खरी परीक्षा अजून झालेली नाही, आणि ती न झाली तर आम्हांस आनंदच आहे.

शिष्यवृत्तीच्या सूचना आता मी लिहीत नाही. नव्याने आलेले कारकून लिहितात. गेल्या जूनमध्ये त्यांनी पहिली सूचना लिहिली तेव्हा मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो होतो. चार मिनिटांत त्यांचे काम झाले, पण कळ दाबण्याआधी त्यांनी मला विचारले, “गुरुजी, ज्या मुलीचा उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून अजून यावयाचा आहे, तिने अर्ज करावा की नाही? हे कोठे लिहू?” माझ्या विद्यार्थ्याने आणि मी तीन दिवस बसून केलेल्या त्या पानावर याला जागा नव्हती. त्या दिवशी ती ओळ मजकुरात तशीच घातली. रकाना करून द्यावा म्हणून त्याला पत्र लिहिले आहे, या गणपतीत तो येणार आहे.